अठरा इंच पोकळी

डुएनने बॉनेटसुद्धा उघडलं नाही.
गल्लीच्या टोकापर्यंत एकदा नेऊन आणली,
चावी माझ्या हातावर ठेवली:
"ट्रान्समिशन गेलं, आयली. अठराशे डॉलर.
नाहीतर भंगारात दीडशे."
दीडशे म्हणताना तो माझ्याकडे नाही,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

बावीस वर्षं मी शाळेची बस चालवतेय.
पन्नास पोरांच्या कालव्यातही
गिअर बदलताना गाडी कण्हली
तर मला सीटमधून कळतं.
ही पॉन्टिअ‍ॅक कण्हत नव्हती,
अडून बसत होती.
दुसरा गिअर पंचेचाळीस मैलांपर्यंत सोडायचीच नाही,
मग एकदम तिसऱ्यात आदळायची,
भांडण संपल्यावर कुणी दार आपटावं तशी.

रात्री गॅरेजमध्ये उणे वीस.
रॉकेलचा हीटर, मर्नाच्या हातात टॉर्च,
तिच्या नाकाचा शेंडा लाल.
इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये, तेल गरम.
डिपस्टिक काढली, पांढऱ्या कागदावर टेकवली.
रंग चेरीसारखा. बोटांत चोळलं: कचकच नाही.
नाकाशी धरलं.
जळालेल्या क्लचचा वास एकदा घेतला की
जन्मभर विसरत नाही,
आणि तो नव्हता.
फक्त तेल कमी होतं. पुन्हा.
गेल्या रविवारीच तर एक क्वार्ट घातलं होतं.

"गळतंय कुठेतरी," मर्ना म्हणाली.
मी तिला अंगणात नेलं,
जिथे ही आठवडाभर उभी होती.
दोन चाकांच्या खाचा,
आणि मध्ये बर्फ, कोरा.
एक थेंब नाही.

मग जातं कुठे?

ती बर्फाकडे बघत राहिली, मी धुराड्याकडे.
तिथून पांढरा धूर येत होता, दाट,
आणि थंडीवर ढकलून
सगळा हिवाळा मी त्याकडे दुर्लक्ष केलं होतं.

पाठीखाली पुठ्ठा घेऊन आत सरकले.
गिअरबॉक्सच्या मागे, उजवीकडे,
हरभऱ्याच्या डब्याएवढी एक पत्र्याची डबी,
तिला इंजिनकडून आलेली बारीक रबरी नळी.
नळी ओढली
आणि मनगटावर उतरला
एक तांबडा, कोमट थेंब.

डबीतला पडदा फाटला होता, इतकंच.
इंजिन त्यातून तेल ओढून जाळत होतं
आणि गिअरबॉक्सला वाटत होतं
आपण कायम चढावर आहोत.
सपाट रस्त्यावरही बिचारं
दात-ओठ खाऊन ओझं वाहत होतं.

रोग रेड्याला, औषध पखालीला.
ग्लेन घर सोडून गेला तेव्हाही
गावाने असंच,
गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन निदान केलं होतं.
मी तरी कुठे बॉनेट उघडलं होतं?

बावीस डॉलरची डबी, एक बोल्ट, नवी नळी.
मग तोइवोकडून उसना आणलेला गेज लावला.
काटा आधी तेरावर थरथरायचा,
म्हाताऱ्याच्या हातातल्या चमच्यासारखा.
आता सोळा.
डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला: सतरा.
"अजून," मर्ना म्हणाली, "थोडंसंच."
अठरा. आणि तिथेच, गप्प.
पोकळीलाही माप असतं हे कळून
तिने काचेवर बोट ठेवलं.

सकाळी बंद खाणीच्या रस्त्याने नेली.
तांबड्या मातीचे ढिगारे बर्फातून डोकं काढून उभे.
डॅशबोर्डवर कॉफीचा पेला, मुद्दाम काठोकाठ.
अठ्ठावीस मैलांवर तिसरा पडला,
कॉफीला समजलंसुद्धा नाही.

परतताना डुएन दुकानासमोरचा बर्फ उपसत होता.
त्याने फावडं उचललं, सवयीने,
मीही हात केला.
थांबले नाही.

रिव्हर्समध्ये टाकताना
एक ठोका मात्र अजून येतो.
तो कशाचा, माहीत नाही.
एप्रिलमध्ये बघू,
जमीन मऊ झाल्यावर.